बिनपंखी रातकिडे : गुहेतले आणि बेटावरचे



रातकिडा पाहिला नाही असा माणूस कदाचित मिळेल. परंतु रातकिडा ऐकला नाही असा माणूस आपल्या बालाघाटच्या मुलखात मिळणार नाही. मृगाचा पाऊस पडून गेला, की शेताच्या बांधावरून, परसातल्या सरपणाखालून, जुन्या वाड्याच्या पडक्या भिंतीतून त्याची किर्र सुरू होते. ती इतकी अंगवळणी पडलेली असते, की चालू असताना आपले तिच्याकडे लक्ष नसते. एकाएकी थांबली म्हणजे मात्र आपण कान टवकारतो. अशा या यःकश्चित किड्यावर एक संध्याकाळ खर्च करावयाची, याचे कोणास नवल वाटले तर तो त्याचा दोष नव्हे. परंतु या किड्याच्या गणगोतात अशी काही घराणी आहेत, की ज्यांनी पंख टाकले, पंखांबरोबर गाणे टाकले, आणि सूर्यकिरण कधी पोचत नाही अशा विवरांत किंवा भर समुद्रातल्या चिमुकल्या बेटांवर कायमचे बिऱ्हाड केले. त्यांनी असे का केले, त्यात त्यांना लाभ काय झाला, आणि त्या लाभाची किंमत आज त्यांना कशी मोजावी लागत आहे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. विषय दूरचा वाटला, तरी त्याची एक बाजू आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणाशी आणि आपल्या विहिरींच्या पाण्याशी येऊन भिडते, हे पुढे ध्यानात येईल.

प्रथम रातकिड्याच्या पंखांविषयी थोडे सांगितले पाहिजे. रातकिडा तोंडाने ओरडत नाही. तो पंखांनी वाजवतो. त्याच्या पुढच्या जोडीतील एका पंखाच्या शिरेवर कानशीसारखे बारीक दाते असतात आणि दुसऱ्या पंखाची कड त्या दात्यांवरून घासली जाते. फणीवरून नख फिरवावे तसा हा प्रकार. पंखाचा पातळ पडदा त्या घर्षणाने कंप पावतो आणि आवाज मोठा होतो. वाजवणारा नर असतो, ऐकणारी मादी असते, आणि तिचे कान डोक्याला नसून पुढच्या पायांना, गुडघ्याच्या जरा खाली असतात. पुढचे पंख अशा रीतीने वाद्याचे काम करतात, तर मागचे पंख उडण्याच्या कामी येतात. म्हणजे रातकिड्याने पंख गमावले, असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा त्याने एकाच वेळी गाडी आणि सनई या दोन्ही वस्तू गमावलेल्या असू शकतात.

मग इतकी उपयोगी वस्तू कोणी टाकून का द्यावी? याचे उत्तर संसाराच्या हिशेबात आहे. उडण्यासाठी नुसते पंख असून भागत नाही. ते हलवणारे स्नायू लागतात आणि त्या स्नायूंना अहोरात्र खाऊ घालावे लागते. दारात बैलजोडी बांधली, की गाडी जुंपा अथवा न जुंपा, वैरण रोजची द्यावीच लागते. ज्याला वर्षाकाठी एकदाही गाव सोडावयाचे नाही, तो गृहस्थ ती जोडी विकून त्या पैशात घर शाकारील, हे उघड आहे. रातकिड्यांच्या काही जातींत एकाच जातीमध्ये लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे असे दोन्ही प्रकार जन्मतात. शास्त्रज्ञांनी या दोहोंची तुलना केली, तेव्हा असे दिसून आले, की आखूड पंखांची मादी लवकर अंडी घालू लागते आणि अधिक घालते. उडण्यावरचा खर्च वाचला, तो संततीकडे वळला. ज्या ठिकाणी उडण्याचा उपयोग नाही, त्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या बिनपंखी घराण्याची भरभराट होत जाते आणि पंखवाले मागे पडतात. कोणी किड्याने बसून असा निर्णय घेतला, असे नव्हे. ज्यांचा हिशेब जुळला त्यांचाच वंश वाढला, एवढेच.

बेटांवर या हिशेबात आणखी एक रकम मिळते, ती वाऱ्याची. चार्ल्स डार्विनने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अटलांटिक महासागरातील मदेइरा बेटावरच्या भुंगेऱ्यांचे उदाहरण दिले आहे. वोलॅस्टन नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने तेथल्या ५५० जाती नोंदवल्या होत्या आणि त्यांपैकी २०० जातींना उडता येत नव्हते. डार्विनने असा तर्क केला, की लहानशा बेटावर जो किडा उंच उडेल तो वाऱ्याबरोबर समुद्रात जाऊन पडेल. जो जमिनीला चिकटून राहील तो वाचेल. या तर्कावर पुढे दीडशे वर्षे वाद झाला. अलीकडे दक्षिण ध्रुवाकडील वादळी बेटांवरच्या कीटकांची गणती करण्यात आली. जगभर पाहिले तर न उडणारे कीटक शेकड्यात फार थोडे. पण त्या बेटांवर मूळच्या कीटकांपैकी जवळजवळ निम्मे बिनउडते निघाले. एकंदरीत वाऱ्याचा आणि खर्चाचा हिशेब, दोन्ही खरे आहेत.

आता गुहेकडे वळू. गुहेत वारा नाही, मग तेथे पंख का जावेत? येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. प्राण्याच्या दृष्टीने गुहा हेही एक बेटच असते. बेटाभोवती पाणी असते, गुहेभोवती पाषाण आणि उजेड असतो. अंधारात जन्मलेल्या, ओलाव्याला सरावलेल्या नाजूक किड्याला बाहेरचे कोरडे ऊन समुद्राइतकेच अनुल्लंघनीय असते. अंधारात उडावे तर भिंतीवर आपटावे. शिवाय गुहेत कायम टंचाई. हिरवे पान तेथे उगवत नाही. जे अन्न येते ते सगळे वरच्या जगातून आयात झालेले: वटवाघळांची विष्ठा, पुराने वाहून आणलेला पालापाचोळा, छतातून खाली उतरलेली झाडांची मुळे. अशा दारिद्र्यात अनावश्यक खर्च टिकत नाही. पंख जातात, डोळे बारीक होतात, अंगाचा रंग फिका पडतो. त्याऐवजी मिशा लांब होतात, पाय लांब होतात, आणि स्पर्श व गंध यांवर सगळा व्यवहार चालतो. आंधळा माणूस बोटांनी पाहू लागतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की येथे एका जन्माची नव्हे, हजारो पिढ्यांची साधना असते.

याचे उदाहरण आपल्या गोदावरीच्याच खोऱ्यात आहे. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी ही नदी पुढे तेलंगण ओलांडून आंध्रात जाते, तेव्हा तिला शबरी नदी मिळते. शबरीला मिळणारी कांगेर नावाची एक नदी बस्तरच्या अरण्यात आहे आणि तिच्या काठी, जगदलपूरपासून जवळ, कोटमसरची चुनखडकातील गुहा आहे. १९५० नंतरच्या दशकात शंकर तिवारी यांनी तिचे संशोधन केले. आज ती कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानात येते. आत पूर्ण काळोख. उष्णतामान वर्षभर जवळजवळ एकसारखे. आणि पावसाळ्यात पुराचे पाणी शिरले, की गुहा माणसाला बंद. या गुहेत राहणाऱ्या एका रातकिड्याला १९७७ साली शास्त्रीय नाव मिळाले: केम्पिओला शंकरी. अंग फिकट आणि मिशा शरीराहून कितीतरी लांब, असा हा प्राणी भिंतींवर आणि ओल्या मातीवर वावरतो. त्याचे अन्न पुराचे पाणी आणि वटवाघळे आणून टाकतात. म्हणजे बाहेर दुष्काळ पडला, पूर आला नाही, वटवाघळे उठून गेली, तर उपासमार त्याच्या वाट्याला येते.

त्याच गुहेत त्याचा एक शेजारी आहे आणि त्याचा पुण्याशी असलेला संबंध मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाने पुण्याच्या पाण्यातून मिळालेल्या एका लहानग्या माशाचे वर्णन केले आणि हे मासे जमवण्यास साहाय्य करणाऱ्या कर्नल एव्हझर्डचे नाव त्याला दिले. बोटापेक्षा लहान, वाळूगोट्यांच्या तळाशी राहणारा, अंगावर पट्टे असणारा हा मासा. पुढे कोटमसरच्या काळोख्या डबक्यांत जो मासा सापडला, त्याची गणना शास्त्रज्ञांनी याच जातीत केली. परंतु त्याचे डोळे बारीक झालेले आणि अंगाचा रंग उडालेला होता. उघड्या ओढ्यातला भाऊ आणि गुहेतला भाऊ, असे दोघे शेजारी ठेवून पाहावयास मिळावेत, ही अभ्यासकाला पर्वणीच. रायपूरच्या अभ्यासकांनी या गुहेतल्या माशांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. दिवस आणि रात्र यांचा मागमूस नसलेल्या ठिकाणी राहूनही त्या माशाच्या हालचालीत चोवीस तासांचा ताल पुसटसा का होईना शिल्लक आहे, असे त्यांना आढळले. डोळा गेला तरी घड्याळ पुरते बंद पडले नाही. जे टाकावयाचे ते सारे एकदम टाकले जात नाही, हे यावरून दिसते.

आता बेट आणि गुहा या दोन्ही गोष्टी जेथे एकत्र आल्या आहेत, त्या ठिकाणी जाऊ. प्रशांत महासागराच्या मध्यभागी, अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे ३,८०० किलोमीटरांवर, हवाई बेटांची रांग आहे. ती ज्वालामुखीतून निर्माण झाली, आणि तिचा खडक तोच, जो आपल्या बीडच्या, अंबाजोगाईच्या, धारूरच्या डोंगरात आहे: काळा बेसाल्ट. पातळ लाव्हा वाहू लागला, की वरून तो लवकर थिजतो. गुऱ्हाळात काहिलीतला पाक साच्यात ओतला म्हणजे वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो आणि आतला पाक बराच वेळ पातळ राहतो, हे आपल्याकडे सर्वांनी पाहिले आहे. लाव्हाच्या प्रवाहाचेही तसेच होते. वरचे कवच घट्ट होते, आतला रस उतारावरून पुढे निघून जातो, आणि मागे बोगद्यासारखी पोकळ नळी राहते. हवाईमधली काझुमुरा नावाची अशी नळी ६५ किलोमीटरांहून अधिक लांब आहे.

अशा तरुण ज्वालामुखी बेटांवरच्या गुहांत खास गुहावासी प्राणी असणे शक्य नाही, असे विद्वानांचे मत १९७० पर्यंत होते. इतक्या थोड्या काळात डोळे आणि पंख जाणार कसे, हा त्यांचा आक्षेप. १९७१ साली होनोलुलूच्या बिशप संग्रहालयाचे फ्रान्सिस हॉवर्थ हे दिवा घेऊन या नळ्यांत उतरले आणि त्यांनी तो समज खोटा पाडला. आत आंधळे, रंगहीन, बिनपंखी कीटक नांदत होते. त्यांतल्या दोन रातकिडे-घराण्यांचे वर्णन गर्नी आणि रेन्ट्झ यांनी १९७८ साली प्रसिद्ध केले.

पहिल्या घराण्याचे नाव थॉमाटोग्रिलस. ग्रीक भाषेत थॉमा म्हणजे नवल. तेव्हा मराठीत त्याला नवलकिडा म्हणावयास हरकत नाही. हे मूळचे झाडावरच्या रातकिड्यांचे कुळ. झाडावरचे रातकिडे आपली अंडी कोवळ्या काटक्यांत टोचून ठेवतात. अशी एखादी फांदी समुद्रावरून तरंगत आली आणि तिच्याबरोबर या कुळाचा मूळपुरुष बेटांवर उतरला असावा, हे सहज पटण्याजोगे आहे. आज या घराण्याच्या चार जाती ज्ञात आहेत आणि चौघीही बिनउडत्या. एक कौआई बेटावर, तिची नोंद १८९९ साली झाली. एक माउई बेटावर. एक निहोआ नावाच्या खडकावर. आणि चौथी हवाईच्या थोरल्या बेटावर, लाव्हाच्या नळ्यांतल्या गडद काळोखात. तिचे नावच मुळी गुहावासी या अर्थाचे आहे. सख्ख्या बहिणी चार गावी दिल्या, आणि पुन्हा माहेरी भेट नाही, असा हा प्रकार. मधला समुद्र कोणी ओलांडावयाचा? पंख तर नाहीत. म्हणून प्रत्येकीचा संसार वेगळा झाला आणि काळाच्या ओघात प्रत्येकीची जात वेगळी झाली.

दुसरे घराणे काकोनेमोबियस. याचे कुलवृत्त अधिकच बोलके आहे. त्याची एक जात समुद्रकाठच्या खडकांत, लाटांच्या तुषारांत राहते. दुसरी जात नुकत्याच निवालेल्या लाव्हावर येते. जेथे गवताचे पातेही नाही, तेथे काही महिन्यांतच ती हजर होते, वाऱ्याने उडत आलेल्या कणांवर गुजराण करते, आणि झाडझाडोरा वाढू लागला, की तेथून नाहीशी होते. तिसऱ्या प्रकारच्या जाती गुहांत उतरल्या आहेत. किनारा, उघडा लाव्हा आणि गुहा या तीन ठिकाणी साम्य एकच: ओल्या फटींचा खडक आणि बाहेरून आलेले शिळेपाके अन्न. फटीत राहण्याची सवय आधी जडली, आणि मग ती फट समुद्राकाठची असो वा पाताळातली, घर करणे सोपे गेले. या साऱ्या घराण्याला पंख नाहीत आणि गाणेही नाही.

गुहेतल्या या रातकिड्यांना अन्न कोठून मिळते? डोंगरावर ओहिया नावाचा वृक्ष वाढतो. तो आपल्या जांभळाच्या कुळातला, लाल तुऱ्यांचा. ताज्या लाव्हावर प्रथम रुजणाऱ्या झाडांत तो पुढे असतो. त्याची मुळे पाण्याच्या शोधात खडकाच्या भेगांतून खाली उतरतात आणि नळीच्या छतातून पडद्यासारखी लोंबतात. त्या मुळांवर गुहेचे सगळे गाव जगते. रस शोषणारे तुडतुड्यांच्या जातीचे आंधळे कीटक त्या मुळांवर बसतात. त्या मुळांतूनच कंप पाठवून ते एकमेकांना हाका मारतात, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. रातकिडे मुळांभोवती आणि कुजलेल्या कचऱ्यावर चरतात, आणि कोळी या सर्वांवर टपलेले असतात. वरच्या वृक्षाला आपल्या मुळाखाली असा गाव वसला आहे याची वार्ता नाही. पण वृक्ष गेला, तर गाव गेला.

येथे आपल्या मनात प्रश्न येईल, की खडक जर तोच, तर आपल्या डोंगरात असे नवलकिडे का नसावेत? याचे उत्तर वयात आहे. हवाईच्या थोरल्या बेटाचा लाव्हा भूशास्त्राच्या मापाने कालचा. काझुमुरा नळी अवघी काही शतकांची. आपल्या दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. तेव्हाही नळ्या झाल्या असल्याच पाहिजेत, आणि त्यांच्या खुणा भूशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रात नोंदवल्या आहेत. परंतु नळीला आयुष्य असते. पावसाबरोबर माती आत शिरते, छत कोसळते, आणि खनिजयुक्त पाणी झिरपून पोकळ्या स्फटिकांनी भरून टाकते. नांगराच्या फाळाला लागणारी गारगोटी आणि विहीर खणताना निघणारे पांढरे चकचकीत खडे ही त्या जुन्या पोकळ्यांचीच भर होय. ज्या घरांत किडे राहावयाचे ती घरेच निसर्गाने चिणून टाकली.

आपल्याकडे लेणी आहेत. अंबाजोगाईचा हत्तीखाना आपण सर्वांनी पाहिला आहे. परंतु ती माणसाने छिन्नीने कोरलेली, दर्शनी बाजूने उघडी, उजेड आणि वारा खेळणारी. हजार वर्षे म्हणजे देवळाला पुष्कळ वय. नव्या जातीच्या घडणीला ते थोडे, आणि उजेड असलेल्या जागी ती घडण सुरूही होत नाही. तेथे एखादा रातकिडा दिसला, तर तो आसऱ्याला आलेला पाहुणा समजावा, घरमालक नव्हे.

हवाईतल्या किड्यांनी मात्र या अल्पायुषी घरांवर एक तोड काढली आहे. त्यांचे खरे वसतिस्थान माणूस शिरू शकेल एवढी मोठी नळी हे नसून तिच्या भोवतालच्या खडकातल्या बोट-दोन बोटांच्या असंख्य भेगा हे आहे. त्या भेगा एका प्रवाहातून दुसऱ्यात जुळलेल्या असतात. जुनी नळी भरून गेली, की ते भेगांच्या वाटेने नव्या लाव्हात सरकतात. म्हणून खडक तरुण असला, तरी त्यातली वस्ती खडकाहून जुनी असू शकते. १९७० पूर्वीच्या विद्वानांचा आक्षेप येथे निकालात निघतो.

गुहेतले रातकिडे म्हणून जगात जे सर्वाधिक प्रसिद्ध आहेत, ते याहून निराळ्या, फार जुन्या कुळातले आहेत, हेही सांगून ठेवतो. पाठीला कुबड, पाय लांब, पंख आणि कान दोन्ही नाहीत, असे ते असतात. न्यूझीलंडमध्ये त्यांना आणि त्यांच्या चुलत घराण्यांना वेटा म्हणतात. न्यूझीलंडच्या दक्षिणेकडील निर्जन, वादळी बेटांवरही गुहावेटाच्या स्वतंत्र जाती आहेत. त्यांचे दूरचे भाऊबंद म्हणजे राक्षसी वेटा. त्यातल्या एका मादीचे वजन ७१ ग्रॅम भरल्याची नोंद आहे. दोन चिमण्यांहूनही अधिक. ज्या देशात उंदीर नव्हता, त्या देशात या किड्याने उंदराची जागा घेतली होती. मग माणूस आला आणि त्याच्या होड्यांतून उंदीर आला. पळावयास पंख नाहीत, आणि असल्या शत्रूची ओळख नाही. वेटापुंगा नावाची सर्वात मोठी जात मुख्य भूमीवरून नाहीशी झाली आणि एका हौटुरू बेटावर तेवढी उरली. २००४ साली त्या बेटावरून उंदरांचे उच्चाटन करण्यात आले. पुढे प्राणिसंग्रहालयात तिची पैदास करून ती दुसऱ्या बेटांवर सोडण्यात आली. एखाद्या किड्यासाठी इतका खटाटोप माणसाने करावा, ही सुसंस्कृतपणाची खूण मानली पाहिजे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पंख टाकून या प्राण्यांनी जे मिळवले ते खरे होते: थोडक्यात भागवण्याची शक्ती आणि परिस्थितीशी नेमका मेळ. पण त्या व्यवहारात त्यांनी एक वस्तू गहाण टाकली, ती म्हणजे निघून जाण्याची मोकळीक. आपल्या जिल्ह्यात पाऊस दगा देतो, तेव्हा दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. त्या जिण्याचे हाल आपल्याला माहीत आहेत. परंतु जाण्याला वाट आहे, आणि पावसाळ्यापूर्वी परतीची आशा आहे. गुहेतल्या आणि बेटावरच्या बिनपंखी किड्याला वाटच नाही. त्याचे गाव हेच त्याचे जग, आणि ते बिघडले की सारे संपले.

आणि ते बिघडते, हे डोळ्यांपुढे आहे. २००४ साली निहोआ बेटावर बाहेरून आलेल्या टोळाच्या एका जातीने बहुतेक सगळी हिरवळ खाऊन फस्त केली. ते बेट किती, तर एका चौरस किलोमीटरहूनही लहान. नवलकिड्याची ती एक बहीण तेवढ्याच जागेत राहते. हवाईच्या थोरल्या बेटावर ओहियाला एक बुरशीचा रोग लागला आणि त्याचे कारण २०१४ मध्ये निश्चित झाले. तेव्हापासून लाखो झाडे वाळली. वरून पाहणाऱ्याला नुसते वाळलेले अरण्य दिसते. त्याखाली मुळांवर जगणारा जो गाव आहे, त्याची उपासमार कोणाला दिसत नाही. कोटमसरला पावसाळा संपला, की प्रवाशांची रीघ लागते. दिव्यांचा उजेड, आवाज आणि पायदळी तुडवली जाणारी ओली माती या गोष्टी आपल्या दृष्टीने किरकोळ आहेत. ज्याचे जग तेवढ्या भिंतींत संपते त्याच्या दृष्टीने त्या किरकोळ नाहीत.

आपल्याकडे लाव्हाच्या नळ्या बुजल्या, तरी जमिनीखालचा काळोख संपलेला नाही. तो आपल्या विहिरींच्या झऱ्यांत, मुरमाच्या आणि पाषाणाच्या भेगांत पाण्यासह शिल्लक आहे. केरळात १९५० साली एका आंधळ्या, रक्तासारख्या लाल माशाचे वर्णन झाले. तो विहिरीच्या पाण्याबरोबर वर आला होता. भूगर्भातले पाणी निर्जीव नसते, हे यावरून सिद्ध झाले. बीडजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधली गेली. भूमीखालच्या बोगद्यांतून तिचे पाणी बागा-शेतांना जाई, आणि अवर्षणातही ती आटत नाही अशी तिची ख्याती. ज्यांनी ती बांधली, त्यांना खडकातल्या झऱ्यांची नाडी कळत होती. आज विंधन विहिरी शेकडो फूट खाली जातात आणि जुन्या आडांत केरकचरा टाकून ते बुजवले जातात. आपण ज्या पाण्यावर जगतो तेही गुहेतल्या अन्नासारखेच वरून झिरपून आलेले असते. वरचे रान तोडले, ओढ्याला नुसती दगडमाती उरली, तर खालचा झरा सुकतो. या बाबतीत नवलकिड्याची आणि आपली गोष्ट फारशी निराळी नाही. फरक असेल तर एवढाच, की आपल्याला वर येऊन झाड लावता येते.

शेवटी येथे बसलेल्या विद्यार्थ्यांना एक काम सुचवतो. ते करण्यास हवाईला जावे लागत नाही. गावातल्या जुन्या आडाचे पाणी शेंदून काही दिवस स्वच्छ, दाट विणीच्या फडक्यातून गाळावे आणि फडक्यावर जे उरेल ते भिंगाखाली पाहावे. बहुधा डासांच्या अळ्या आणि पाण्यातले नेहमीचे जीव दिसतील. एखादे दिवशी एखादा पांढुरका, डोळे नसलेला जीव दिसला, तर तो फेकून देऊ नये. बाटलीत ठेवावा, आडाचे नाव आणि तारीख लिहावी, आणि महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या अध्यापकांकडे न्यावा. कोटमसरचा रातकिडा असो की केरळचा मासा, त्यांची नावे शास्त्राच्या दप्तरात चढली, ती कोणीतरी असेच अंधारात डोकावून पाहिले आणि पाहिलेले नीट टिपून ठेवले म्हणून. आणि निदान तोपर्यंत तरी तो आड बुजवू नये.